खुर्चीतले आजोबा

२ जुलै

ती. आत्यास, शि. सा. न.

आधीच सांगते, शुद्धलेखन पोटात घाल. आईच्या मोबाइलवर एका बोटाने टाइप करतेय, आणि तेही सुईने टोचलेलं. म्हणून उशीर.

बातमी अशी की मला काम लागलं! पाहुणे आले की दाराआड लपणाऱ्या मला! खेळण्यांच्या कारखान्यात. कापडी अस्वलांत कापूस भरायचा, पोट शिवायचं, डोळे बसवायचे. पहिल्याच अस्वलाचे डोळे मी इतके जवळ लावले की ते सुपरवायझरबाईंकडे संशयाने बघायला लागलं.

पण घरात महाभारत झालं. आजोबा ओरडून म्हणाले की जा, पण सोबत घरचं पुरुषमाणूस पाहिजे. माझी शाळा अशीच सुटली ना, आठवीच्या पुढची शाळा लांब आणि सोबतीला मोकळं कोणी नाही. आताही बाबा आणि काका कामावर. मोकळे एकटे आजोबाच. सापडले स्वतःच्याच अटीत! आता रोज कोट, टोपी घालून माझ्याबरोबर येतात आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात.

गंमत म्हणजे गल्लीतल्या बाकीच्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, तिथे आजोबा असतात ना, मग आमचीही जाऊ दे. आता निम्म्या गल्लीच्या पोरी येतात. एका म्हाताऱ्यावर सगळ्यांची सोय.

तुझी,
मुंगी

९ जुलै

चि. मुंगीस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. जाऊ दे, चांगल्या कामाला गेलं.

पण तुझे आजोबा एका जागी गप्प बसतात, हे मला पटत नाही. नाकावर माशी बसली तर तिच्याशीही वाद घालणारा माणूस तो. त्यांचा होकार गल्लीभर ऐकू येतो. गप्प बसले की समजायचं, नकार. मला टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली होती, तेव्हा मी जाऊ का म्हणून विचारलं. ते पेपर वाचत राहिले. ते गप्प बसणं अजून माझ्या कानात आहे.

त्यांच्यावर लक्ष ठेव. आणि बोटाला हळद लाव गं.

तुझी,
आत्या

२३ जुलै

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझ्या तोंडात साखर पडो, नाहीतर नकोच. आजोबा खुर्चीत टिकले नाहीत.

पाणी प्यायला म्हणून आत आले, एका अस्वलाचा कान बघितला, आणि कान असा लावतात का म्हणून शेजारणीच्या हातातून ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊनच आले. आता माझ्या बाजूला बसून शिवतात. त्यांचं अस्वल वाकडं होतं, पण त्यांना ते कोण सांगणार? पगारही मिळतो. मात्र घरी चकार शब्द काढायचा नाही, अशी तंबी आहे. जन्मभर म्हणत आले ना, लोकांच्या दारात राबणं आपल्या घराला शोभत नाही.

पण बाहेर खुर्ची रिकामी! दोन पोरींच्या आयांनी येता जाता ते बघितलं आणि भर दुपारी पोरींना हाताला धरून घरी नेलं. बाकीच्या रडकुंडीला आल्या. आत्या, मी शाळेत कधी हात वर केला नाही, पण त्या दिवशी केला. म्हटलं, आपण दिवसभर काय करतो? कापूस भरतो, डोळे लावतो. मग आजोबा का नाही करायचे?

केले! त्यांच्या जुन्या कोटात कापूस ठासला, अस्वलाच्या कापडाचं तोंड केलं, सगळ्यात मोठे डोळे बसवले, टोपी घातली, हातात पेपर टाचला. रस्त्यावरून बघितलं तर हुबेहूब. लोक नमस्कार करून जातात. पोस्टमन म्हणाला की म्हातारपणी स्वभाव निवळला हो. त्या दोघी परत कामावर आल्या.

पण एक आहे. कोणी हात लावून बघितला तर उद्या सगळ्याच घरी.

तुझी,
मुंगी

३० जुलै

चि. मुंगीस, अ. उ. आ.

हसून हसून कुशी दुखल्या.

मला वाटायचं, सोबतीला माणूस लागतो. कोट पुरतो हे तेव्हा कळलं असतं तर कोट माझ्याकडेही होता गं.

मानेचा टाका घट्ट ठेव.

तुझी,
आत्या

१३ ऑगस्ट

ती. आत्यास, शि. सा. न.

संकट आलंच. पोरगी मोठी झाली, आता बस झालं काम, असं काकूने बाबांच्या कानी घातलं. बाबा स्वतः काही ठरवत नाहीत, तुला माहीतच आहे. घरातल्या बायकांच्या नकळत आजोबांना विचारावं म्हणून मंगळवारी थेट फाटकाशी आले.

आम्ही खिडकीतून बघत होतो. आजोबा टेबलाखाली शिरले, दातात दोरा, छातीशी अस्वल. बाबा खुर्चीजवळ पायरीवर बसले. आजोबांसमोर त्यांनी जन्मात मान वर केली नाही, तेव्हाही नाही केली. चपलांकडे बघत बघत विचारलं की उद्यापासून पोरीला घरी बसवू का?

खुर्ची गप्प.

पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. नाकावर माशी बसली, तीसुद्धा हाकलली नाही. बाबांना घाम फुटला. उठून नमस्कार केला, आणि घरी येऊन आईला सांगितलं की आजोबांचा साफ नकार आहे, घरी बसवायचा विषय बंद, आणि एवढा थंड राग आपण कधी पाहिला नव्हता. काकू त्या दिवसापासून आजोबांना आधी वाढते.

तुझं टेलिफोन ऑफिसचं मी आजोबांना येताना रस्त्यात बोलले. माझी मी, न विचारता. पोस्टाने पाठवलेलं अस्वल त्यांनी तुझ्यासाठी शिवलंय. एक डोळा खाली आहे, पण ते तीनदा उसवून परत शिवत होते. काय निरोप देऊ विचारलं, तर गप्प. पण आत्या, हे गप्प बसणं नकाराचं नव्हतं. मला आता त्यातला फरक कळतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस, कापूस लागला तर कळव.

तुझी,
मुंगी

ता. क. : आपल्या गल्लीच्या विहिरीत एक सायकल सापडली. घंटी अजून वाजते. दुरुस्त झाली तर आठवीच्या पुढची शाळा काही फार लांब नाही.