पडद्यावरचं शून्य

आई, मी कॉम्प्युटरवर नेमकं काय करते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. काष्टीच्या आपल्या पिठाच्या गिरणीत तू जे करायचीस जवळपास तेच करते, असं म्हटलं असतं तर तू पदराने तोंडावरचं पीठ पुसत हसली असतीस. मी तेव्हा आठवीत असेन. बाजाराचा दिवस, दारात दळणाच्या डब्यांची रांग, आणि मोटरीचा पट्टा सारखा किंचाळतोय. तू जेवायला गेलेली. मी धुण्याचा साबण घेतला आणि फिरत्या पट्ट्यावर धरला. आवाज थांबला, मी खूश. दगड मंद फिरतोय हे तुला दारातूनच कळलं. सगळ्यांसमोर गिरणी बंद केलीस. "अगं, वरडत हुता म्हनून तर कळत हुतं पट्टा ढिला झालाय. त्याचं त्वांड दाबलंस, आता कळायचं कसं?" बायका हसल्या, मला रडू आलं. मग तू पाना माझ्याच हातात दिलास आणि पट्टा माझ्याकडूनच ताणून घेतलास. अख्ख्या गावात गिरणी चालवणारी तू एकटी बाई होतीस, आणि तो तोरा तुला शोभायचा.

आता मी नगरच्या एका रक्तपेढीसाठी प्रोग्रॅम लिहिते. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे त्यावरून हॉस्पिटलातल्या नर्सला कळणार. ही माहिती डेटाबेसमध्ये असते, आणि प्रोग्रॅमचा तिथे संपर्क झाला नाही की वॉर्निंग येते. ती सारखीच यायची, म्हणून प्रोग्रॅममधल्या संपर्क जोडणाऱ्या ओळीआधी वॉर्निंग दडपणारं एक चिन्ह टाकलेलं होतं. गेल्या आठवड्यात चाचणीसाठी मी संपर्क मुद्दाम तोडला. पडद्यावर शांतपणे आलं: शिल्लक पिशव्या शून्य. पेढीत रक्त असताना नर्स एखाद्या बाळंतिणीच्या नवऱ्याला "नाही" म्हणून सांगणार! मी ते चिन्ह काढलं आणि प्रत्येक वॉर्निंग वाचली. काम झालं तरी जुने संपर्क बंदच होत नव्हते, नव्यांना जागा मिळत नव्हती. तेही दुरुस्त केलं. आता संपर्क तुटला की लाल अक्षरं येतात, "माहिती मिळत नाही, पेढीला फोन करा." सोमवारी हे सुरू होतंय.

मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि खरं सांगते, स्वतःचाही. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण ते चिन्ह टाकलं होतं कुणी?" मी पाणी पीत राहिले. आई, ते मीच टाकलं होतं. उद्या ऑफिसात सांगणार आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आधी तुझ्यासमोर एकदा म्हणून बघितलं.