वहिनीचा आलेख

३ फेब्रुवारी
"एमआरआय यंत्रापाशी राबणाऱ्या मित्रांनो, आपल्याला वेळ देत नाहीत आणि वर आपल्याच आलेखाला चिखल म्हणतात!" — विभागाच्या बैठकीत असा सुरू झालो. प्रमुख म्हणाले, "ही सभा नाहीये." नाहीच! वहिनीच्या मेंदूतल्या डागाचा प्रश्न आहे. गाठ की नुसती सूज? सुरी लावण्याआधी स्पेक्ट्रोस्कोपी — त्या जागेतल्या रसायनांची शिखरं आलेखावर काढणारी एमआरआय तपासणी — ते सांगू शकते, आणि ती आम्ही दोन रुग्णांच्या फटीत उरकतो.

४ फेब्रुवारी
वहिनीचा पहिला आलेख पुन्हा पाहिला. मोजायची चौकट कवटीला खेटून ठेवलेली! हाडाबाहेरच्या चरबीचा सिग्नल आत घुसला, बाकीची शिखरं त्यात बुडाली. चुंबकीय क्षेत्रही यंत्राने आपोआप जुळवलं तेवढ्यावर भागवलं. तंत्रज्ञ म्हणाला, "सर, यंत्र 'ठीक' म्हणालं की आम्ही पुढे." सगळेच पुढे!
सर्जन ऑपरेशन करा म्हणतात. दादाला फोनवर ठणकावलं — या आलेखाने काहीही सिद्ध होत नाही.

६ फेब्रुवारी
घात झाला. दादाने ऑपरेशनला नकार कळवला. "धाकटा म्हणतोय, काही नाहीये." असं मी कधी म्हणालो? सिद्ध होत नाही आणि नाहीच, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे! आता समजावायला गेलो तर म्हणतो, "चांगला आलेख काढ, मग बोल."

७ फेब्रुवारी
प्रमुखांनी यंत्रावर अख्खी दुपार दिली. "घे बाबा, पण भाषण आवर."

९ फेब्रुवारी
वहिनीच्या डोक्याभोवती स्पंज ठासले. "भाऊजी, हलायचं नाही नि बोलायचंही नाही? तुमच्या दादाला बोलवा, हा चमत्कार बघू दे!" खूप हसलो.
चौकट हाडापासून आत घेतली, लहान केली. चरबीचा सिग्नल दाबणाऱ्या पट्ट्या पडद्यावर कवटीलगत आखल्या. क्षेत्र हाताने जुळवत राहिलो — पाण्याचं शिखर बारीक होईपर्यंत. लहान चौकटीचा सिग्नल क्षीण, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा, मग सगळ्यांची सरासरी. बाहेर रुग्ण कुरकुरत होते. तंत्रज्ञच म्हणाला, "आणखी एकदा जुळवू, सर."

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
इतका स्वच्छ आलेख या यंत्रावर कधी पाहिला नव्हता. शिखर न् शिखर सुटं. निरोगी चेतापेशींचं खचलेलं. शेजारी कोलीनचं, पेशी भराभर वाढू लागल्या की चढणारं — उंच, टोकदार. रेडिओलॉजिस्टनेही तेच वाचलं. गाठ आहे. वाढते आहे.
दादा बाहेर बाकावर बसलाय. "नीट आला ना रे या वेळी?"
नीट आलाय, दादा. ऊठ, आत्ताच सर्जनना फोन कर आणि ऑपरेशनला हो म्हण.