शून्य वेळा वापरलेल्या वस्तूंविषयी

आईवडील हयात असताना आणि थोरली बहीण पाठीशी उभी असताना मी मृत्युपत्र लिहायला बसावे, हा आगाऊपणा आहे. त्याबद्दल सर्वांची आरंभीच क्षमा मागते. आमच्या घरी पाकिटावर पत्ता बाबा लिहीत. मी फक्त तिकीट चिकटवीत असे. परंतु परवा शुक्रवारी माझ्यावर दुसरी शस्त्रक्रिया व्हायची आहे, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंनी ‘आशा’ हा शब्द एकदाच उच्चारला. मागच्या वेळी चारदा उच्चारला होता.

मी, मृण्मयी सदाशिव अंबुलगेकर, वय वर्षे एकतीस, नोकरी सार्वजनिक ग्रंथालयात, मूळ राहणार लातूर, गेली आठ वर्षे राहणार डुलुथ, मिनेसोटा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे, आणि हा मजकूर मी कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. येथे यासाठी छापील इंग्रजी नमुना मिळतो; त्यात केवळ रिकाम्या जागा भरायच्या असतात. रिकाम्या जागा भरण्यात मी शाळेपासून पहिली होते. म्हणूनच तो नमुना बाजूला ठेवला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे मेहुणे, ॲड. हेमंत औसेकर, यांनी करावी. दाजी, तुम्ही माझ्या लांबलचक वाक्यांना नेहमी हसता. या वेळी सांभाळून घ्यावे.

कलम १. बँकेतील चौदा हजार दोनशे डॉलरमधून रुग्णालयाचे आणि अंत्यविधीचे देणे भागवून उरेल ते बाबांना द्यावे. अंत्यविधी येथेच करावा. मला तिकडे नेण्याच्या खटपटीत बाबांनी कोणापुढे हात जोडू नयेत.

कलम २. आईची मोरपिशी पैठणी रेवाला द्यावी. मंजूताई, तुझ्या लेकीला ती ‘मोठी झाल्यावर’ म्हणून देऊ नकोस, आताच दे. सांडले तर सांडू दे. मी ती दोनदा नेसले आणि दोन्ही वेळा खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

कलम ३. सुमनकाकूंना मी काहीही ठेवत नाही. दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हा सत्काराच्या दिवशी त्यांनी मला आरशापुढे बसवून तोंडाला पावडर थापली होती. “डोकं दिलंय देवानं, रंग द्यायचा राहिला. फोटोत तरी उजळ दिसू दे गं,” असे त्या चारचौघींत म्हणाल्या. त्या छायाचित्रात माझा चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची आहे. त्या दिवसापासून मी ठरवले की चेहऱ्यावर खर्च करायचा नाही, आणि या निश्चयाला मी पुढे काटकसर असे नाव दिले. काकूंवरचा राग येथे संपवते. संपतो की नाही, ते ठाऊक नाही. परंतु लिहून ठेवले आहे.

कलम ४. माझा विग रुग्णालयातील मोफत विगांच्या कपाटात द्यावा. तो दोनशे चाळीस डॉलरांचा आहे. ऑगस्टपासून आईशी पडद्यावर बोलताना मी तो घालून बसते. आईला ‘लहानसे ऑपरेशन’ एवढेच ठाऊक आहे. पहिल्या दिवशी ती किती तरी वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “केस किती छान ठेवलेस गं आता! पार्लरला जायला लागलीस वाटतं? जात जा बाई. दर महिन्याला जा. पैशाकडं बघू नकोस.” मी “हो” म्हणाले. ताई, मी गेल्यावर आईला बाकी सर्व सांग, परंतु हे सांगू नकोस. आपली धाकटी लेक चार महिने स्वतःसाठी पार्लरला जात होती, हे तिच्याजवळ राहू दे.

कलम ५. हे कलम मोठे आहे आणि याच्यासाठीच मी लिहायला बसले.

ग्रंथालयाच्या तळघरातील खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आम्ही आठ जणी जमतो. प्रत्येकीने कपडे, चपला, प्रसाधने, केस, नखे यांवर महिन्यात किती खर्च केला ते सांगायचे, आणि मी ते तक्त्यात भरायचे, अशी रीत आहे. तक्ता भिंतीवर मोठा दिसतो. मर्यादा जिची तिने ठरवायची. ती ओलांडली की आकडा लाल होतो. शेवटचा रकाना मी घातला. वस्तू किती वेळा वापरली ते लिहायचे, म्हणजे किमतीला त्या संख्येने भागून एका वापराचा खर्च आपोआप निघतो. या रकान्याचा मला फार अभिमान होता. पुष्कळ जणींची त्याने खरोखर सोय झाली. माझ्यासोबत काउंटरवर काम करणाऱ्या जोलीनचे कार्डाचे कर्ज त्यानेच फिटले, असे ती कोणालाही सांगते.

मार्लिस हाकाला या आमच्यात सर्वांत वडील, चौसष्ट वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. माझ्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःचे बूट माझ्यापुढे ठेवले होते. “घाल हे, मयी. नाहीतर पायाची बोटं इथंच ठेवून जाशील घरी.” माझे पूर्ण नाव त्यांनी आठवडाभर घोकले आणि मग शेपटाकडून धरले.

गेल्या मार्चच्या अकरा तारखेला त्यांनी चार वस्तू सांगितल्या. गुलाबी लिपस्टिक चौदा डॉलर, हाताचे क्रीम नऊ, नेलपॉलिशच्या दोन बाटल्या सोळा, समोरून बटणे असलेला आकाशी स्वेटर सेहेचाळीस. एकूण पंच्याऐंशी. त्यांची मर्यादा चाळीसची. मी विचारले, किती वेळा वापरल्या?

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या.

मी चारही ठिकाणी शून्य भरले. शून्याने भागता येत नाही; यंत्राने चारही ओळींत चूक दाखवणारी लाल खूण उमटवली आणि भिंत लाल झाली.

जोलीन हसून म्हणाली, “काय गं मार्लिस, दुकान टाकतेस का काय? आणि स्वेटर एवढासा! तुझा एक हात तरी जाईल का त्यात?”

सगळ्या हसल्या. मार्लिसही हसल्या. एवढ्यावर थांबता आले असते. परंतु मी, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी, त्या दिवशी बोलले. म्हणाले, “वापरायचं नसेल तर घ्यायचं कशाला? हेच शिकायला जमतो ना आपण?”

“असं होय,” त्या म्हणाल्या. “बरं.”

त्यांनी कोट चढवला, गुंड्या खालपासून वरपर्यंत नीट लावल्या, आणि त्या गेल्या. एप्रिलच्या मंगळवारी आल्या नाहीत. त्यानंतर कधीच आल्या नाहीत.

वर्तमानपत्रातील निधनवार्ता कापून वर्णानुक्रमे लावणे हे माझ्या नोकरीतील एक काम आहे. एप्रिलच्या शेवटी माझ्या हाती व्हर्ना हाकाला यांची वार्ता आली. वय सत्तर. शहरातील मोठ्या दुकानात तीस वर्षे प्रसाधनांच्या काउंटरवर उभ्या होत्या. जानेवारीपासून अखेरच्या आजारात होत्या. मागे धाकटी बहीण मार्लिस.

मी दर्शनाला गेले. व्हर्नाबाई पेटीत होत्या, लहान मुलीएवढ्या झालेल्या. अंगात आकाशी स्वेटर होता, नखे रंगवलेली होती, ओठ गुलाबी होते. मार्लिस पलीकडे लोकांशी बोलत उभ्या होत्या. मी मागच्या भिंतीजवळ चार मिनिटे उभी राहिले आणि त्यांना न भेटता निघून आले. काय बोलावे ते मला पाठ नव्हते.

घरी येऊन मी तक्ता उघडला. मला चूक दुरुस्त करायची होती. मला तेवढेच येते. स्वेटरच्या ओळीतले शून्य पुसून मी तेथे ‘एक’ लिहिले. यंत्राने लगेच हिशेब केला: एका वापराचा खर्च सेहेचाळीस डॉलर, त्या रकान्यातला सर्वांत महाग, आणि ठळक लाल. मी पाहत राहिले. मग ती ओळच काढून टाकली. परंतु तक्ता आठही जणींना उघडता येतो, आणि तो ‘एक’ तेथे नऊ मिनिटे होता. मार्लिसनी तो पाहिला असेल का, हे मी सात महिने स्वतःला विचारीत आले आहे. तीन पत्रे लिहिली, टाकली नाहीत. जूनमध्ये माझे दुखणे निघाले, तेव्हा पहिला विचार आला की आता तरी त्या भेटतील. दुसऱ्या क्षणी त्या विचाराची लाज वाटली.

आता देणे. माझी स्वतःची मर्यादा महिना पंचवीस डॉलर. तक्ता सुरू होऊन पन्नास महिने झाले; त्यांचे साडेबाराशे होतात. त्यांतले मी विग धरून तीनशे एकसष्ट डॉलर चाळीस सेंट खर्चले. विग वगळला तर एकशे एकवीस. दर वर्षी सर्वांत हिरवी ओळ माझी असे आणि बाकीच्या टाळ्या वाजवीत. उरलेले आठशे अठ्ठ्याऐंशी डॉलर साठ सेंट मी मार्लिस हाकाला यांना ठेवते. त्यांनी ते पहिल्याच महिन्यात, कशावरही, कोणासाठीही खर्च करावेत आणि कोणत्याही तक्त्यात भरू नयेत. त्यासोबत माझी क्षमायाचना स्वीकारावी. न स्वीकारल्यासही रक्कम देण्यात यावी.

कलम ६. शेवटचा रकाना काढून टाकावा, की जोलीनसारख्यांसाठी ठेवावा, हे उरलेल्या सहा जणींनी ठरवावे. माझे मत मागू नये.

कलम ७. पुस्तके ग्रंथालयाच्या विक्रीत द्यावीत. मराठी शब्दकोश मात्र बाबांकडे पाठवावा. त्याच्या समासात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. त्या खोडू नयेत.

कलम ८. वरील मजकूर दुपारी दोन वाजता पूर्ण झाला. सह्या करायला दोन साक्षीदार लागतात. जोलीनला बोलावले होते. दुसऱ्या कोण ते मी विचारले नव्हते. तीन वाजता जोलीन आली आणि तिच्यामागे, दोन्ही हातांत बटाट्याच्या हॉटडिशचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या इकडच्या जेवणाचे, झाकलेले भांडे धरून, मार्लिस.

“तू हिला दुखण्याचं सांगणार नाहीस हे मला ठाऊक होतं,” जोलीन मला म्हणाली. “म्हणून मीच सांगितलं. आता मारायचं तर मार, पण आधी जेवू दे.”

मार्लिसनी माझ्याकडे पाहिले. मी डोक्याला काही बांधलेले नव्हते. त्या म्हणाल्या, “ओव्हन कुठंय?” आणि भांडे आत ठेवून आल्या.

मी उभी राहून सांगितले की साक्ष तुम्हाला करता येणार नाही. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, पुढे वाद होतात, असे दाजींनी कालच फोनवर बजावले आहे.

“मला काय मिळायचंय?”

मी पाचवे कलम त्यांना इंग्रजीत वाचून दाखवले. वाचता वाचता माझा आवाज शाळेतल्यासारखा बारीक झाला. जोलीन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ‘दुकान टाकतेस का’ हे तिचेच वाक्य होते.

मग मार्लिस म्हणाल्या, “तक्त्यातला तो ‘एक’ मी पाहिला.”

मी खाली बसले.

“राग आला. भांडी आदळली मी त्या दिवशी. मग वाटलं, म्हणजे ही पोरगी आली होती तर. आणि मला न भेटता गेली. त्याचा तर जास्तच राग आला. सात महिने, मयी! दोन चौक पलीकडं राहते मी.”

“मला काय बोलावं कळेना.”

“बोलायचं कशाला असतं तिथं? यायचं, हात धरायचा, कॉफी प्यायची, जायचं.” त्यांनी चष्मा पुसला. “व्हर्नाला ती लिपस्टिक मी शेवटी शेवटी रोज लावायचे. सोळा वेळा लावली. तुझ्या मंगळवारनंतरची गोष्ट. मला म्हणायची, कड नीट काढ, गिऱ्हाईक बघतंय.”

मी विचारले की तक्त्यात सोळा लिहू का. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“पेन दे,” त्या म्हणाल्या.

“सही केलीत तर ते कलम रद्द करावं लागेल. तुम्हाला काहीच मिळणार नाही.”

“ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून. तुझे आठशे डॉलर घेऊन मी काय करू? तुझं तूच खर्च कर. मरायच्या आधी केस कापून घे म्हणणार होते, पण ते काही उरले नाहीत.”

जोलीनने “मार्लिस!” म्हणून तोंडावर हात ठेवला. मी हसले. जूनपासून अशी हसले नव्हते, मागच्या शस्त्रक्रियेचे टाके दुखले.

त्यांनी मला क्षमा केली, असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही. त्यांनी विचारले, “शुक्रवारी किती वाजता न्यायचं तुला?”

“पहाटे साडेपाचला पोचायचं आहे. मी गाडी सांगितली आहे.”

“सांगितलेली गाडी परत पाठव. मी पाचला दारात असेन. आणि बाहेर येईपर्यंत तिथंच बसेन, किती का वेळ लागेना.”

यास्तव कलम ५ मधील देणे मी रद्द करीत आहे; क्षमायाचना कायम ठेवते. ती रक्कम या हयातीत मी स्वतः खर्च करावी, अशी साक्षीदार क्रमांक दोन यांची अट आहे आणि ती मी मान्य केली आहे. तसे घडले नाही तर रक्कम कलम १ मध्ये जमा धरावी.

वरील सर्व मजकूर मराठीत असून साक्षीदारांना तो वाचता येत नाही. पाचवे कलम त्यांना वाचून दाखवले आहे. त्या फक्त एवढ्याची साक्ष देत आहेत की सही माझी आहे, आणि सही करताना मी शुद्धीवर होते व एकटी नव्हते.

सही: मृण्मयी सदाशिव अंबुलगेकर

साक्षीदार १: जोलीन ब्रेक
साक्षीदार २: मार्लिस हाकाला

स्थळ: डुलुथ, मिनेसोटा

छायाचित्र काढून मंजूताई व दाजी यांना पाठवले: बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे.