सूत्रधार मीच

३ फेब्रुवारी, सकाळी
नात तिसरीत आहे आणि अजून एकेक शब्द चाचपडत वाचते. वर्गात उभं केलं की तोंडच उघडत नाही. सूनबाई म्हणाली, आई, ट्यूशन लावू या. म्हटलं, घरात मी असताना? मी कॉन्व्हेंटची. पस्तीस वर्षं ऑफिसात मीटिंगची इंग्रजी मिनिट्स खाडखाड वाचून दाखवली. मराठी काय, आपलीच भाषा, झोपेत वाचेन. पंधरा दिवसांत पोरगी घडाघडा वाचेल. शब्द दिला.

५ फेब्रुवारी
वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी मार्ग सांगितला. मुलांनी मिळून नाटुकलं वाचायचं. पाठांतर नाही, पोशाख नाहीत. हातात स्क्रिप्ट, भूमिका वाटलेल्या, तेच पुन्हा पुन्हा वाचायचं. जीभ आपोआप सैल होते. एवढंच ना! सहा मुलं गोळा केली. अठराला पालकांसमोर वाचन. विषय हरवलेली छत्री. नात छत्री झाली. सूत्रधार मी. मुलांपुढे काही आदर्श नको?

७ फेब्रुवारी
पहिली तालीम. मी दुसऱ्याच ओळीत अडखळले. छपाई भिकार. मोठ्या टाइपात प्रिंट काढून मागितली.

९ फेब्रुवारी
मोठा टाइप आला, तर ट्यूबलाइट मंद. त्यात लेखकाला जोडाक्षरांची हौस. छत्री हरवली म्हणावं, ‘अकस्मात अंतर्धान पावली’ कशाला? पोलीस (वय आठ, पुढचे दात गायब) म्हणाला, आजी, मी सांगू का? आगाऊ कार्टं.
संकल्प: रोज अर्धा तास सराव.

१२ फेब्रुवारी
सराव झाला नाही. मला गरज नाही, मुलांना आहे. नातीचं लक्ष मात्र भलतीकडे. केळं सोलताना, बूट घालताना माझ्या ओळी पुटपुटते. म्हटलं, तू छत्री आहेस, छत्रीपुरतं बघ.

१५ फेब्रुवारी
ग्रंथपाल बाई म्हणाल्या, सूत्रधार आपण दोघींत वाटू या का? म्हटलं, बाई, चार माणसांपुढे उभं राहायची सवय इथे कुणाला आहे? त्या पुस्तकं लावायला वळल्या. पटलं असणार.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी
वाचन झालं. हॉल भरलेला. तिसऱ्या ओळीत ‘किंकर्तव्यविमूढ’ आला आणि मी गप्प. चष्मा पुसला. पुन्हा गप्प. मग छत्री माझ्याशेजारी सरकली, माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि तो शब्द माझ्या कानात सांगितला. पुढचाही सांगितला. शेवटी कंटाळून उरलेलं पानभर स्वतःच मोठ्याने वाचलं, एकदाही न थांबता. टाळ्या. सूनबाईने डोळे पुसले. मी वाकून टाळ्या घेतल्या. शब्द पाळला की नाही?
जाताना ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पुढच्या नाटुकल्यात तुमचं नाव घातलंय. विचारलं, दिग्दर्शक? नाही म्हणे, बेडूक. दोन वाक्यं. भूमिकावाटप नातीने केलं.
उद्या चार वाजता ती माझा सराव घेणार आहे. म्हणते, घाई करू नकोस आजी, चुकलं तरी मी रागावणार नाही. मोठ्या माणसांशी बोलायची ही पद्धत? मी साडेतीनलाच तयार होऊन बसणार आहे.