स्टुलाच्या पायाचं प्लास्टर

तीर्थरूप आईस, दोन्ही गुडघे नीट वाकवून नमस्कार.

मी मजेत आहे. झोप सोडली तर सगळं वेळेवर होतं. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये माझ्याशिवाय पान हलत नाही. एकही परीक्षा न देता शिकलो, पण मोठे डॉक्टरसुद्धा मनगट म्हटलं की मलाच हाक मारतात.

एक बारीकशी गोष्ट. मंगळवारी मी आमच्या डुगडुगत्या स्टुलाच्या पायाला प्लास्टर घातलं. आत कापूस, वर सहा पदर, सुरकुती एक नाही. सिस्टर आल्या. म्हणाल्या, "मामा, पेशंट कुठाय?"

"पडायच्या आधीच घेतलाय," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. मला समुपदेशनवाल्या बाईंकडे घेऊन गेल्या. बाई म्हणतात, लोकांच्या पडण्याच्या गोष्टी ऐकून ऐकून तुमच्याच मनाला मार बसलाय. म्हटलं, सूज दाखवा. तर म्हणाल्या, "तुम्ही जिना बसून का उतरता?"

मी आधी त्यांच्या खुर्चीचा स्क्रू आवळून दिला. मग सांगितलं. सोमवारी तुझ्या वयाच्या आजी आल्या होत्या, फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडलेल्या. प्लास्टर होईपर्यंत त्याच मला समजावत होत्या, "मुलगा परगावी असतो ना, म्हणून मीच चढले."

आई, आपलं स्टूल अजून डुगडुगतं का? पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे, शनिवारी पोचतो. तोवर वरच्या फळीवर जे काही आहे, ते आपल्या घरात नाहीच असं समज.

तुझा, कठडा धरून चालणारा,
थोरला