फौजदाराने संशय घेणं सोडलं

तीर्थस्वरूप दाजींना सादर नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे विचारतो, पण उत्तर तुमच्या हातचं हवं. भाचा फोनवर बाबा मजेत आहेत म्हणतो खरा. पण त्याचं ते वाक्य मला घाईत कापलेल्या चावीसारखं वाटतं. कुलपात जातं, फिरत मात्र नाही. (कुलपं दुरुस्त करून माणूस संशयी होतो, की संशयी माणूसच या धंद्यात शिरतो, हे मला अजून उमगलेलं नाही.)

पत्राला कारण तुमचा कुत्रा. फौजदार हे नाव तुम्ही काही उगाच ठेवलं नव्हतं. लाकडाच्या वखारीच्या फाटकावर तुमच्या शेजारी बसून त्याने सगळी हयात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवण्यात घालवली. ताई गेल्यावर तुम्ही दोघं आमच्या मागच्या खोलीत राहायला आलात, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याने मला माझ्या घरात घेतलं नव्हतं. सकाळी मी देवाचं नाव घेत बसलो की समोर बसून एकटक बघायचा, जणू मी देवाकडून काहीतरी उपटायला बसलोय (अगदीच खोटं नव्हतं ते). पुढे भाचा तुम्हाला आपल्या वरच्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेला, तिथे कुत्र्याला मज्जाव म्हणून हा आमच्याकडे राहिला, आणि तेव्हापासून दूधवाला येवो की पोस्टमन, हा मान म्हणून उचलत नाही. मला वाटलं, उतारवयात शहाणपण आलं. आमच्या गावच्या शाळेतही कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या पोराला गुरुजी गुणी म्हणायचे. त्याला ताप आहे का, हे कुणी हात लावून बघायचं नाही.

मग त्याचं खाणं वाडग्यात तसंच राहू लागलं. माझा पहिला संशय अर्थात आमच्या हिच्यावर. ती चोरून काहीबाही घालत असणार. तिने कानांवर हात ठेवले. दुसरा संशय शेजारच्या शिंप्यावर. मी पाळत ठेवली. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावून कुत्र्याजोगं काही शिजतंय का बघत होतो, तेवढ्यात शिंपी मागे येऊन उभा राहिला. हातात कात्री होती. मी म्हणालो, कुत्रा शोधतोय. कुत्रा समोर आमच्याच पायरीवर पसरलेला होता. त्यानंतर शिंप्याने मागच्या दाराला नवं कुलूप घातलं. ते माझ्याच दुकानातून नेलं, तेव्हा धंद्याच्या दृष्टीने तक्रार नाही.

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, रक्त तपासलं, आणि शरीरात काही खोट नाही, याचं मन खचलंय, असं सांगितलं. मला आधी बाईंच्या डिग्रीचाच संशय आला. पण त्या एकेक विचारत गेल्या. खाणं तुटलंय का, दिवसभर झोपतो का, भिंतीकडे तोंड करून पडतो का, पंजे चाटत बसतो का, पूर्वी ज्यावर जीव टाकायचा ते आता नकोसं झालंय का. दर वेळी हो म्हणताना माझा आवाज बारीक होत गेला. घरातून कुणी गेलंय का, असं विचारल्यावर मी ठणकावून नाही म्हणालो. तेव्हा सोबत आलेली ही हळूच म्हणाली, "दाजी गेलेत की."

बाईंनी उपाय सांगितले ते साधे. ठरल्या वेळी ठरल्या रस्त्याने फिरवा, रागावू नका, खाऊ लपवून हुंगून शोधायला लावा, आणि मुख्य म्हणजे रिकामं ठेवू नका, काम द्या.

मी आधी पळवाट शोधली. दाराआड राहिलेली तुमची काठी घेतली आणि तुमच्यासारखी फरशीवर आपटत आलो. फौजदार ताडकन उठला. काठीवरून नजर वर नेत नेत माझ्या तोंडापर्यंत आला, आणि पुन्हा भिंतीकडे वळून पडला. बनावट चावी आणणाऱ्याकडे मी अगदी असंच बघतो.

मग त्याला दुकानात नेऊ लागलो. कुलपांच्या खोक्यांमागे बिस्किटं लपवायचो. तो एखादं शोधायचा, बाकीची उंदीर. एकदा एक गिऱ्हाईक साबणाच्या वडीवर उमटवलेला चावीचा ठसा घेऊन आलं आणि अशी चावी करून द्या म्हणालं. पूर्वीच्या फौजदाराने त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत पोचवलं असतं. हा त्याच्या बुटावर डोकं टेकून झोपला. दाजी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (चावी मी करून दिली नाही.)

आणि परवा भाच्याचा फोन आला, तेव्हा हातात कानस होती म्हणून स्पीकर लावला होता. मागे तुम्ही खाकरलात. बोलला नाहीत, नुसते खाकरलात. फौजदार उठला. त्याने फोन हुंगला, फोनच्या मागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि दुकानाच्या दारात जाऊन बसला. शिंपी आत येऊ लागला तर त्याच्यावर गुरगुरला. आवाज आहे आणि माणूस नाही, हे काही त्याला पटलं नाही. मलाही पटलेलं नाही.

मोठ्यांपुढे फार लिहिलं, राग नसावा.

आपला,
मेहुणा

ता. क. डॉक्टरीणबाईंचे तेच प्रश्न मी फोनवर तुमच्या सूनबाईंना विचारले. (कुत्र्यासाठी म्हणून विचारले नव्हते.) ती पोर रडवेली झाली. म्हणाली, "मामा, भाजीत मीठ नसलं तरी बाबा गुपचूप खातात." दाजी, तुम्ही ताईच्या हातच्या जेवणातही खोट काढायचात. मी तेव्हाच हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मागच्या खोलीची चावी कापायला घेतली. पाकिटात जड लागतेय ती तीच. भाच्याशी बोललोय; तुम्ही हो म्हणालात तर तो स्वतः आणून सोडेल. दुकानाच्या दारात बसायला मला एक संशयी माणूस हवाच आहे.

ता. क. दुसरा. पत्र हिला वाचून दाखवलं. ती म्हणते, खरं ते सगळं लिहा. तर खरं असं, की फौजदाराने आज वाडगा चाटून लख्ख केला आणि पोस्टमनला फाटकाबाहेरच उभं केलं. म्हणजे कुत्र्याचं निमित्त आता उरलेलं नाही. तरी या.