ढब्बूच्या दाढा आणि माझं घर

मी, खाली सही करणारी, जन्मभर शिवणकाम केलेली विधवा बाई, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय, मात्र चांगलीच चिडलेली असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. थोरला म्हणाला, "आई, तू बिनघोर जा, कुत्र्याचं आम्ही बघतो." त्याचं बघणं मला ठाऊक आहे, म्हणून ही घाई.

कलम एक. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते मी धाकट्या लेकीला देते. अट एकच: माझा म्हातारा कुत्रा ढब्बू आहे तोवर तिने त्याला घेऊन इथेच राहावं. त्याचं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ करावं. बोटाला सुती चिंधी गुंडाळून, कुत्र्यांची पेस्ट लावून त्याचे उरलेले दात रोज पुसावेत. माणसांची पेस्ट त्याला बाधते. सुरुवात डावीकडून करावी, उजवीकडे दुखतं.

कलम दोन. थोरल्याला काही नाही. त्याने वरचा मजला रिकामा करावा. ढब्बू खाईनासा झाला तेव्हा मी नको नको म्हणत असताना याने त्याच्यापुढे टणक हाड टाकलं. म्हणे, "हाड चघळलं की दात आपोआप साफ होतात." दाढ उभी चिरली, गाल सुजला. त्याच गालावर याने थोपटलं, ढब्बूने दात लावला, तर साहेबांनी गल्लीभर बोंब ठोकली की कुत्रा पिसाळला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिसाळला कसला, ठणका लागलाय त्याला." तरी सूनबाई नाक दाबून म्हणतात, "वास येतो हो, एक इंजेक्शन देऊन मोकळं करा." माझ्या तोंडाला या वयात काय अत्तराचा वास येतो? आणि थोरल्याच्या फोनवर ढब्बूला मिठी मारलेला फोटो आहे. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

कलम तीन. शिवणयंत्र लेकीला. सूनबाईंनी माझ्या मोठ्या कात्रीने पुठ्ठे कापून तिची धार घालवली, ती कात्री त्यांच्याकडेच राहू दे.

कलम चार. बँकेतली शिल्लक आधी ढब्बूच्या औषधपाण्याला. भूल झेपेल का हे तपासूनच दाढा काढाव्यात. दात नसले तरी कुत्री पोटभर जेवतात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मीही जेवतेच की.

नवरा गेल्यावर या घरात माझं ऐकून घेणारा तोच एक उरला. मला तो हवा आहे.

लेक परवा पोचेल. मधला दिवस थोरल्याच्या हातात आहे, आणि मृत्युपत्र तर मी मेल्यावरच चालतं. म्हणून थोरल्या, नीट वाच. मी मेले तर हा कागद तुझ्याशी बोलेल. जिवंत आले आणि ढब्बू घरात नसला, तर मी बोलेन.

स्थळ: माझं घर, शिवणयंत्राची खोली.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.

सही: ढब्बूची मालकीण
साक्षीदार: शेजारचे घड्याळवाले
साक्षीदार: जनावरांच्या डॉक्टरीणबाई